बंद पडलेल्या रेल्वेचा लोगो कुणाचा? सिम्युलेटर, मॉडेल आणि अमेरिकन रेल्वे ट्रेडमार्कचं लायसन्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघांच्या एका टीमने ट्रेन सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवण्याच्या गेमसाठी, अमेरिकेतला मालगाड्यांचा एक रूट बनवला आहे. त्यात युनियन पॅसिफिक, सदर्न पॅसिफिक आणि कॉनरेल या अमेरिकन रेल्वे कंपन्या आहेत: पहिलीची पिवळी इंजिनं, दुसरीचे जुने डबे आणि तिसरीचं एक निळं इंजिन. हा ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला जोडायचा हा जादा भाग, त्यांना पैसे घेऊन विकायचा आहे. टीममधला एक जण त्याच रेल्वेंचे एचओ स्केलचे (मॉडेल रेल्वेच्या एका ठरावीक मापाचे) डिकल्स, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची नावं-लोगोही छापून विकणार आहे. त्यांनी विचारलंय की लायसन्स लागतं का, सदर्न पॅसिफिक तर केव्हाच बंद झाली, मग तिच्या लोगोसाठी कुणाला विचारायचं, आणि ‘युनियन पॅसिफिक आता फुकट लायसन्स देते’ हे खरं आहे का.

मी बरीच वर्षं मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या आणि गेम स्टुडिओ यांच्या बाजूने हीच लायसन्सं मागण्याचं आणि करार वाचण्याचं काम करतो. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे. पण तुम्ही विकायच्या आधी विचारलंत, हे फार बरं झालं. विकून झाल्यावर येणारे लोक जास्त असतात, आणि तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

आधी सदर्न पॅसिफिक घेऊ. कंपनी गेली म्हणून तिचं नाव बेवारस होत नाही. ही रेल्वे १९९६ साली युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली, आणि विलीनीकरणात रूळ, यार्डं, इंजिनं जशी नव्या मालकाकडे जातात तसे ट्रेडमार्कही जातात. मिसूरी पॅसिफिक, वेस्टर्न पॅसिफिक, मिसूरी-कॅन्सस-टेक्सस, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न, रिओ ग्रँड या सगळ्यांची वाट शेवटी त्याच दारात जाते. सांता फे, ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक, बर्लिंग्टन यांचं मूळ शोधत गेलात तर बीएनएसएफ या आजच्या दुसऱ्या मोठ्या रेल्वेपाशी पोचाल. अशा विलीन झालेल्या किंवा बंद पडलेल्या रेल्वेंना मॉडेलवाले ‘फॉलन फ्लॅग’ म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आज कुणी ना कुणी वारस आहे.

कायद्यात एक फट जरूर आहे. अमेरिकेचा ट्रेडमार्क कायदा, म्हणजे १९४६ चा लॅनहॅम ॲक्ट, असं म्हणतो की एखादं चिन्ह सलग तीन वर्षं वापरात नसेल तर मालकाने ते सोडून दिलं असं प्रथमदर्शनी मानता येईल. लोक ‘तीन वर्षं’ एवढंच लक्षात ठेवतात आणि ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द विसरतात. मालकाने वापराचा किंवा पुन्हा वापरण्याच्या इराद्याचा पुरावा दिला की ते गृहीतक पडतं. आणि असा पुरावा रेल्वेंकडे असतो. २००५-०६ मध्ये युनियन पॅसिफिकने सहा एसडी७०एसीई इंजिनं आपल्यात विलीन झालेल्या रेल्वेंच्या जुन्या रंगांवरून रंगवली आणि त्यांना १९८२, १९८३, १९८८, १९८९, १९९५, १९९६ असे क्रमांक दिले. १९९६ क्रमांकाचं इंजिन सदर्न पॅसिफिकच्या रंगातलं. नॉरफोक सदर्न या दुसऱ्या रेल्वेने २०१२ मध्ये तिसाव्या वर्धापनाला अशीच वीस इंजिनं काढली. त्या इंजिनांचे फोटो काढायला माणसं तासन्‌तास रुळाकडेला उभी राहतात, आणि त्यांचा आनंद मला कळतो. पण माझ्या कामाच्या नजरेने पाहिलं तर जुनं नाव मेन लाइनवर, धंद्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू असल्याचा तो पुरावाही आहे.

कॉनरेलची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १ जून १९९९ ला तिची वाटणी सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न या दोन रेल्वेंत झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कंपनी संपली नाही. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया आणि डेट्रॉइटच्या भागात ती आजही दोघांच्या सामाईक मालकीत डबे हलवते. वर नॉरफोक सदर्नने आणि सीएसएक्सनेही आपापलं एकेक इंजिन कॉनरेलच्या निळ्या रंगात रंगवलं आहे. अशा वेळी ‘मालक अमुक असेल’ असा अंदाज बांधून पत्र पाठवू नका. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या सर्च पानावर चिन्ह शोधा (‘टेस’ ही जुनी शोधयंत्रणा नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली, आता नवी सर्च आहे), मग टीएसडीआर या त्याच कार्यालयाच्या कागदपत्रांच्या पानावर त्या नोंदणीची फाइल उघडा, आणि शेवटी असाइनमेंटची, म्हणजे हस्तांतराची, नोंद पाहा. मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते तिथे तारखेसकट दिसतं. कोणत्या वर्गात नोंदणी आहे तेही बघा: वाहतूक ३९ मध्ये, खेळणी आणि स्केल मॉडेल २८ मध्ये, डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर ९ मध्ये. २८ मध्ये नोंद सापडली तर समजा की मालकाने हॉबी बाजाराचा विचार करून ठेवला आहे. आणि ‘डेड’ असं दिसलं तरी लगेच हुरळून जाऊ नका. अमेरिकेत नोंदणी नसली तरी प्रत्यक्ष वापरातून हक्क तयार होतो, त्यामुळे नोंदणी मेली तरी हक्क जिवंत असू शकतो.

‘लोगो शंभर वर्षांचा आहे, कॉपीराइट केव्हाच संपला’ हा युक्तिवादही मला दर काही महिन्यांनी ऐकू येतो. कॉपीराइटची मुदत संपते. ट्रेडमार्क वापरात असेपर्यंत आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण होत असेपर्यंत कितीही वर्षं चालतो.

आता ‘फुकट लायसन्स’. ही अफवा नाही, पण अर्धीच गोष्ट आहे. पूर्वी रेल्वे कंपन्यांना आपली मॉडेल निघालेली हवीच असायची. १९४८ मध्ये लायोनेल या खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या कंपनीने एफ३ डिझेल इंजिनाचं मॉडेल काढलं तेव्हा त्याच्या टूलिंगच्या (साच्यांच्या) खर्चात सांता फे, न्यूयॉर्क सेंट्रल आणि इंजिन बनवणाऱ्या जनरल मोटर्सने वाटा उचलला होता. घराघरांत नाताळच्या झाडाखाली आपलं नाव फिरतंय, ही त्यांच्या लेखी जाहिरात होती. पुढची अनेक दशकं कुणी कुणाला रॉयल्टी मागितली नाही. मग युनियन पॅसिफिकने लायसन्सचा कार्यक्रम सुरू केला, आणि २००४ मध्ये ॲथर्न आणि लायोनेल या मॉडेल बनवणाऱ्या दोन मोठ्या नावांवर खटले भरले. चालू नावांबरोबर विलीन झालेल्या रेल्वेंच्या नावांवरूनही. हॉबीतल्या माणसांना ते फार लागलं. ज्यांनी आयुष्यभर त्या रेल्वेवर प्रेम केलं त्यांनाच आता बिल येतंय, अशी भावना होती आणि ती मला आजही रास्त वाटते. खटले तडजोडीने मिटले. २००६ च्या अखेरीस युनियन पॅसिफिकने मॉडेल बनवणाऱ्यांना कायमस्वरूपी, रॉयल्टी नसलेलं लायसन्स द्यायचं मान्य केलं.

यातून दोन गोष्टी नीट समजून घ्या. तडजोड झाल्यामुळे ‘रॉयल्टी न मागता इतकी वर्षं गप्प बसलेल्या रेल्वेला आता हक्क सांगता येतो का’ या मूळ प्रश्नावर निकाल लागलाच नाही. म्हणून दुसऱ्या रेल्वेसमोर या प्रकरणाचा दाखला न्यायनिवाडा म्हणून ठेवता येत नाही. आणि रॉयल्टी नाही म्हणजे लायसन्सच नाही, असंही नाही. सही करावी लागते, अटी पाळाव्या लागतात. शिवाय ती तडजोड मॉडेल रेल्वेच्या धंद्यातल्या भांडणातून आलेली आहे. तुमच्या मित्राचे डिकल्स त्या चौकटीत बसतात का, हे विचारण्यात अर्थ आहे. तुमचा ॲड-ऑन आपोआप बसतो असं गृहीत धरणं म्हणजे ज्या कागदावर तुमचं नाव नाही त्याच्या भरवशावर धंदा उभा करणं.

मॉडेल आणि सिम्युलेटर यांच्याकडे न्यायालयंही सारख्या नजरेने पाहत नाहीत. सिम्युलेटर ही एक अभिव्यक्ती मानली जाते, त्यामुळे तिला बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कवच काही प्रमाणात मिळतं. हम्वी या लष्करी गाडीच्या निर्मात्याने ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीवर भरलेल्या खटल्यात २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने गेम कंपनीच्या बाजूने निकाल दिला; वास्तवाचा आभास निर्माण करणं हा कलात्मक हेतू आहे आणि खरी गाडी दाखवल्याने तो साधतो, हे न्यायालयाने मान्य केलं. ट्रेन सिम्युलेटरला हे चपखल लागू पडतं असं वाटेल. पण २०१२ मध्ये गेममधल्या बेल हेलिकॉप्टरवरून त्याची मालक कंपनी टेक्स्ट्रॉन आणि गेम कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स यांच्यात वाद झाला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने टेक्स्ट्रॉनचे दावे पहिल्या टप्प्यावर फेटाळायला नकार दिला, आणि पुढे ते प्रकरण आपसात मिटलं. म्हणजे कवच आहे, पण ते वापरायला वकिलाचं बिल भरत बराच काळ उभं राहावं लागतं. तिघांची टीम ते करू शकत नाही.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक डॅनियल्स या व्हिस्कीच्या ब्रँडच्या प्रकरणात हे कवच आणखी आवळलं: दुसऱ्याचं चिन्ह तुम्ही स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरलं, तर अभिव्यक्तीची खास सवलत नाही. तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ मी असा लावतो. रुळावरून धावणाऱ्या इंजिनाच्या अंगावरची ढाल (युनियन पॅसिफिकचा लोगो ढालीच्या आकाराचा आहे) वेगळी आणि दुकानाच्या पानावर, आयकॉनमध्ये, पॅकच्या नावाशेजारी लावलेली ढाल वेगळी. दुसरीतून ‘हे रेल्वेनेच काढलंय’ असं वाटू शकतं. लायसन्स नसताना कित्येक लहान टीम इंजिनावरचा लोगो पुसायची चर्चा करत बसतात आणि स्टोअरच्या बॅनरवर तोच लोगो भलामोठा ठेवतात. धोका खरा बॅनरमध्ये असतो.

डिकल्सना असं कवच जवळजवळ नाही. ती वस्तू आहे, आणि तिची विक्री लोगोसाठीच होते. खेळण्यातल्या गाडीवरून जनरल मोटर्सने लानार्ड टॉइजवर केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये खेळणीवाल्याच्या विरुद्ध निकाल दिला होता. जर्मनीत मात्र ओपेल ही मोटार कंपनी आणि ऑटेक हे मॉडेलवाले यांच्या वादात, युरोपीय न्यायालयाच्या २००७ च्या निकालानंतर, शेवटी मॉडेलवाल्याची बाजू टिकली: मॉडेलवरचं चिन्ह हे खऱ्या गाडीचं चित्रण आहे, असं तिथे मानलं गेलं. म्हणजे तोच डिकल एका देशात निर्धास्त आणि दुसऱ्यात अडचणीचा ठरू शकतो. तुमचं दुकान ऑनलाइन असेल तर माल अमेरिकेत जाणारच, तेव्हा अमेरिकेचाच नियम धरून चाला.

आता कराराकडे येतो. लायसन्स मिळालं की लोक सही करून मोकळे होतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

कराराला एक परिशिष्ट असतं, त्यात कोणती चिन्हं वापरायची ते चित्रांसह दिलेलं असतं. ते परिशिष्ट भिंग लावून बघा, हे मी शब्दशः सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मॉडेल कंपनीसाठी मी एका बॉक्सकारचं (बंद मालडब्याचं) काम पाहत होतो. त्यावर विलीन झालेल्या रेल्वेचा गोल हेराल्ड, म्हणजे डब्यावरचं बोधचिन्ह, पांढऱ्या अक्षरांत. आम्ही १९५० च्या दशकातल्या डब्याच्या फोटोवरून आर्टवर्क केलं, पॅड प्रिंटिंगच्या प्लेट बनवल्या, नमुना मंजुरीला पाठवला. तो परत आला. दोन्ही हेराल्ड शेजारी ठेवून भिंगातून पाहिले तेव्हा कळलं: परिशिष्टात नंतरच्या काळातलं रूप होतं. बाहेरच्या कड्याची जाडी वेगळी, अक्षरांचे कोपरे वेगळे. आमचं रूप इतिहासाला धरून बरोबर होतं, आणि करारात मात्र नव्हतं. प्लेट फेकाव्या लागल्या, आणि जुनं रूप परिशिष्टात घालून घ्यायला पाच महिने गेले. तेव्हापासून मी आर्टवर्क सुरू होण्याआधीच विचारतो: तुम्ही कोणतं साल दाखवताय, आणि त्या सालचं चिन्ह परिशिष्टात आहे का? तुमच्या डब्यांवर सदर्न पॅसिफिकची दोन-तीन काळातली अक्षरं असतील, तर हा प्रश्न तुमचाही आहे.

मंजुरीचा टप्पा टाळता येत नाही, आणि त्यावर चिडूही नका. अमेरिकन कायद्यात मालकाने लायसन्स दिलेल्या मालाच्या दर्जावर लक्ष ठेवलं नाही तर त्याचा ट्रेडमार्कच धोक्यात येतो. म्हणून नमुना मागणं, रंगाची छटा तपासणं हे त्यांना करावंच लागतं. युनियन पॅसिफिकचा पिवळा म्हणजे ‘आर्मर यलो’. मॉनिटरवर ऊन पडल्यासारखा दिसणारा कुठलाही पिवळा त्यांना चालत नाही. सिम्युलेटरमध्ये तर सकाळ, संध्याकाळ, पाऊस यात रंग बदलतो. मंजुरीसाठी स्क्रीनशॉट पाठवताना भर दुपारच्या स्वच्छ उजेडातला एक ठेवा आणि तोच संदर्भ म्हणून लिहून घ्या.

सिम्युलेटरच्या करारात मी सगळ्यात आधी मुदत संपल्यानंतरचं कलम वाचतो. मॉडेलचं सोपं असतं: उरलेला माल संपवायला काही महिने मिळतात, विकलेलं मॉडेल गिऱ्हाइकाच्या कपाटात कायम राहतं. डाउनलोडचं तसं नाही. एका स्टुडिओच्या करारात ‘विक्री’ बंद करण्याची तारीख होती, पण आधी विकत घेतलेल्यांना पुन्हा डाउनलोड देण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मुदत संपली, पॅक स्टोअरवरून निघालं, आणि नवा कॉम्प्युटर घेतलेल्या लोकांनी आपलं विकत घेतलेलं इंजिन मागितलं तेव्हा स्टुडिओकडे द्यायला उत्तर नव्हतं. कसाबसा पत्रव्यवहार करून परवानगी मिळवली. म्हणून लिहून घ्या: मुदतीत विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीला पुढेही डाउनलोड, दुरुस्ती आणि सिम्युलेटरच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेणारे अपडेट देण्याचा हक्क. हे एक वाक्य रॉयल्टीच्या एका टक्क्यापेक्षा मोलाचं आहे.

पैशांच्या बाबतीत टक्केवारीवर घासाघीस करण्यापेक्षा किमान हमीकडे, म्हणजे विक्री कितीही कमी झाली तरी द्यावीच लागणाऱ्या रकमेकडे, लक्ष द्या. समजा ५ टक्के रॉयल्टी आणि वर्षाला २,००० डॉलर किमान हमी आहे. म्हणजे ४०,००० डॉलरची विक्री होईपर्यंत तुम्ही प्रत्यक्षात ५ टक्क्यांहून जास्त देताय. १०,००० डॉलरच विक्री झाली तर ती रॉयल्टी २० टक्के पडली. शिवाय टक्केवारी कशावर, तेही ठरवून घ्या: स्टोअरचा हिस्सा वजा जाऊन तुमच्या हातात येणाऱ्या रकमेवर, की छापील किमतीवर? आणि पॅकमध्ये तीन रेल्वे असतील तर प्रत्येकीने पूर्ण रकमेवर टक्का मागू नये, वाट्याप्रमाणे घ्यावा. विम्याची अटही असते, ज्यात रेल्वेचं नाव जोडून घ्यावं लागतं. त्याचा हप्ता हिशेबात आधीच धरा.

अपघाताबद्दलही बोलावं लागेल. रेल्वे कंपन्यांचा जीव सुरक्षिततेत अडकलेला असतो, आणि तो योग्यच आहे. आपल्या लोगोचं इंजिन रुळावरून घसरताना, फाटकावर गाडीला उडवताना किंवा माणसं रुळांवर चालताना दिसलेलं त्यांना चालत नाही. तुमच्या सिम्युलेटरमध्ये गाडी घसरू शकते, ते भौतिकशास्त्र आहे. म्हणून आधीच सांगा की खेळताना काय होऊ शकतं, आणि जाहिरातीत, ट्रेलरमध्ये, ठरवून दिलेल्या सिनॅरिओत तसं काही दाखवणार नाही असं लेखी द्या. हे लपवून मिळवलेलं लायसन्स पहिल्या व्हायरल व्हिडिओला रद्द होतं.

रेल्वेच्या नावांत गुंतून बाकीच्यांना विसरू नका. तुमच्या मालगाडीत कंटेनर असतील तर त्यांवर जे. बी. हंट, मर्स्क अशी नावं असतात. डब्यांवर टीटीएक्स या डबे पुरवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. इंजिनाच्या निर्मात्याची नावंही वेगळी मालमत्ता: जनरल मोटर्सचा जुना इंजिन विभाग ईएमडी आज कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलकडे आहे, आणि जीईचा इंजिनांचा धंदा २०१९ मध्ये वॅबटेकमध्ये गेला. रेल्वेचं लायसन्स यातलं काहीच झाकत नाही. यातल्या बहुतेक ठिकाणी मी खोटी, स्वतः रचलेली नावं वापरायला सांगतो. कंटेनरवरच्या नावासाठी कुणी ॲड-ऑन विकत घेत नाही.

पण इंजिनासाठी ‘जवळपास तसंच’ नाव करू नका. ढालीचा आकार तोच, रंग तेच, फक्त अक्षरं बदललेली, ही सगळ्यात वाईट निवड आहे. खरं चिन्ह वापरून ‘मी वास्तव दाखवतोय’ असं तरी म्हणता येतं. नक्कल केली की तेही जातं, आणि उरतो तो फक्त नावाचा फायदा घ्यायचा हेतू. काल्पनिक रेल्वे करायची तर मनापासून करा, वेगळे रंग, वेगळा इतिहास.

मोफत देण्याचाही विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. मोफत असलं तरी ट्रेडमार्कचा भंग होऊ शकतो, पण व्यवहारात रेल्वे कंपन्या बिनपैशाच्या छंदाकडे बऱ्याचदा सहानुभूतीने बघतात. मात्र देणगीचं बटण लावलंत की ते मोफत राहत नाही. आणि कुणी तक्रार केलीच तर लक्षात घ्या की कॉपीराइटच्या तक्रारीला प्रति-नोटीस देण्याची जी ठरलेली कायदेशीर वाट आहे, ती ट्रेडमार्कच्या तक्रारीला नाही. प्लॅटफॉर्म आधी पॅक उतरवतो आणि पुढचं तुम्हाला थेट मालकाशी बोलूनच सोडवावं लागतं.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांची एकच मागणी, एकाच पत्रात, सॉफ्टवेअर असा शब्द स्पष्ट लिहून. डिकल्सची मागणी वेगळ्या पत्रात, मित्राच्या नावाने, म्हणजे एकाचा नकार दुसऱ्याला चिकटणार नाही. कॉनरेलचं इंजिन पहिल्या आवृत्तीतून काढून ठेवलं असतं. मालकीचा कागद हाती आल्यावर ते स्वतंत्र पॅक म्हणून देता येईल. पत्र एका पानाचं ठेवा: तुम्ही कोण, कोणत्या प्लॅटफॉर्मवर, कोणतं साल, कोणती चिन्हं त्यांच्या नोंदणी क्रमांकासह, अंदाजे किंमत, आणि दुपारच्या उजेडातले दोन स्क्रीनशॉट, ज्यांवर लोगोची जागा अजून मोकळी ठेवलेली आहे. ते प्रसिद्धी विभागाला न पाठवता लायसन्सिंग विभागाला पाठवा. सहा आठवडे वाट बघा, मग एकदा आठवण करा. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव जाहीर झाला आहे, तेव्हा करारात हेही घालून घ्या की मालक बदलला तरी तुमचं लायसन्स त्याच अटींवर नव्या मालकावर बंधनकारक राहील.